तीन बाय तीनचं ब्रह्मांड

अंतराळात काही नसतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी ते रंगवायला घेतलं की सामानाची यादी कागदाच्या मागच्या बाजूला जाते. बारा एमएमचा प्लाय, तीन फूट बाय तीन फूट. वुड प्रायमर. खड्डे बुजवायला लांबी. घासायला पॉलिश पेपर, एक जाड, एक बारीक. काळा रंग एक लिटर. पांढरा, निळा, जांभळा, किरमिजी 'थोडा थोडा'. भांड्यांना न लागलेला स्पंज. दातांना लावून झालेला टूथब्रश. शेवटी मारायला मॅट वॉर्निश. पोकळी करायची म्हणजे एवढं लागणारच, असं भाच्याचं म्हणणं.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्र रविवारी 'स्टार वॉर्स: एक्स-विंग' नावाचा खेळ खेळतात. २०१२ साली आलेल्या या खेळात बोटाएवढी, रंगवलेली लढाऊ यानं पारदर्शक काडीवर उभी असतात आणि ती टेबलावरून सरकवत समोरच्याची यानं उडवायची असतात. मैदान तीन फूट बाय तीन फूट. त्यासाठी तारे छापलेली, माउसपॅडच्या जातीची रबरी मॅट विकत मिळते. तिची किंमत ऐकल्यावर माझी बहीण मुलाला म्हणाली, "घरी कर." 'घरी' म्हणजे मामाच्या घरी, हे तिनं सांगायचीही गरज नव्हती. हॉस्टेलच्या खोलीत एवढा प्लाय आत आला असता तर रूममेट बाहेर गेला असता, आणि आमच्याकडे टेरेस आहे. पुण्यात ज्याच्याकडे टेरेस असतं, त्याच्याकडे नातेवाइकांचे पापड, कुंड्या आणि प्रोजेक्ट बारमाही मुक्कामाला असतात.

खेळाचे नियम मी समजून घेतले. प्रत्येक यानाची एक चकती असते. या फेरीत किती पुढे जायचं, कुठे वळायचं, हे दोन्ही खेळाडूंनी आपापल्या चकतीवर गुपचूप ठरवायचं, चकती पालथी ठेवायची आणि मग एकेक उघडायची. उघडल्यावर कळतं की दोघांनी एकाच जागी जायचं ठरवलं होतं. यान दुसऱ्यावर जाऊन बसतं, ते मागे घ्यावं लागतं, आणि धडकणाऱ्याला त्या फेरीत पुढे काही हुशारी करता येत नाही. हे सगळं ऐकून माझी बायको म्हणाली, "यात खेळण्यासारखं काय आहे? आपल्याकडे रोज हेच होतं."

बरं, हे अंतराळ सपाट आहे. वर-खाली नाहीच. सिनेमातली यानं तरी कुठे अंतराळात असल्याप्रमाणे वागतात म्हणा! पोकळीत इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगानं पुढे जात राहतं, आणि पंख कलते करून वळता येत नाही, कारण पंखांना रेटायला हवाच नाही. पण जॉर्ज लुकस यांनी लढाया बसवताना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चित्रफिती जोडून आपल्या तंत्रज्ञांना नमुना म्हणून दाखवल्या होत्या. त्यामुळे दूरच्या आकाशगंगेतली ती यानं अजून १९४० च्या दशकातल्या वैमानिकांच्या सवयी बाळगून आहेत. खेळातली यानं सिनेमातल्यापेक्षा २७० पट लहान असतात. उलटा हिशेब केला तर तीन फुटांचा हा बोर्ड अडीचशे मीटरही भरत नाही. अख्ख्या आकाशगंगेचं भवितव्य ज्या जागेत ठरतं, तिच्या कितीतरी पट जागा आपण संध्याकाळी लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधताना पालथी घालतो.

हार्डवेअरच्या दुकानात काळा रंग मागितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ग्रिलला का गेटला?"

"बोर्डाला."

"मग ब्लॅक जपान न्या. वाळवी लागणार नाही."

भाच्यानं मॅट हवा म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला, "मॅटला चमक येत नाही." भाचा म्हणाला, "चमक नकोच आहे." त्यावर दुकानदारानं हिशेबाच्या वहीतून मान वर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. पोरगं तुमचंच का, असा तो प्रश्न होता. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, ऑफ-व्हाइट घ्या. कुठंही मारा, शोभतो. बिल्डर लोक तोच नेतात."

डब्यातला काळा उजेडात धरला की करडाच निघतो, ही या छंदातली जुनी दुखरी जागा आहे. खऱ्या काळ्याच्या शोधात माणसं पार पुढे गेलेली आहेत. २०१४ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीनं व्हँटाब्लॅक नावाचा लेप जाहीर केला. अंगावर पडलेल्या प्रकाशातला ९९.९६५ टक्के तो गिळून टाकतो, इतका की त्यावरच्या सुरकुत्या, उंचवटे काहीच दिसत नाही. नुसतं भोक दिसतं. २०१६ मध्ये कलाकृतींसाठी तो वापरण्याचा हक्क एकट्या अनीश कपूर यांना मिळाला. कपूर जन्मानं मुंबईचे. मुंबईकराला रिकाम्या जागेची किंमत कळते. त्यांनी काळोखच बुक करून ठेवला. बाकीचे चित्रकार खवळले. स्टुअर्ट सेंपल नावाच्या इंग्रज चित्रकारानं 'जगातला सर्वांत गुलाबी गुलाबी' रंग काढून विक्रीला ठेवला, आणि घेणाऱ्यानं आपण अनीश कपूर नाही, त्यांच्या वतीनंही घेत नाही, असं जाहीर करायची अट घातली. थोड्याच दिवसांत कपूरांनी त्या गुलाबी रंगात बुडवलेल्या आपल्या मधल्या बोटाचा फोटो टाकला. रंगावरून मोठ्या माणसांचं इतकं वाजलेलं मी आमच्या सोसायटीच्या बाहेर पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही आणला तो साधा काळा. तो घरात येताच आई म्हणाली, "एवढं मोठं काळं घरात?" पण पौष चालू होता. संक्रांतीला काळं चालतं, या कलमाखाली परवानगी मिळाली. इतकंच नव्हे, तर आईनं कपाटातून तिची चंद्रकळा काढून आणली. काळीभोर, आणि अंगभर बारीक पांढरे ठिपके. ती टेरेसच्या दारात उलगडून धरत म्हणाली, "हे बघा. हे काम आमच्याकडे आधीच झालेलं आहे. टेबलावर ही घाला आणि खेळा." भाच्यानं साडीवर हात फिरवून कापड सरकेल का, याचा क्षणभर विचार केलेला मी पाहिला. आईनंही पाहिला. साडी परत कपाटात गेली.

प्रायमर वाळेपर्यंत आकाश काळं का असतं, यावर टेरेसवर चर्चा झाली. हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. हाइनरिख ओल्बर्स नावाच्या जर्मन गृहस्थांनी, जे पेशानं डॉक्टर होते आणि रात्री खगोलशास्त्रज्ञ, १८२३ मध्ये त्यातली मेख दाखवली. विश्व अनंत असेल, अनादी असेल आणि ताऱ्यांनी सगळीकडे सारखंच भरलेलं असेल, तर ज्या दिशेला बघाल तिथे शेवटी एखादा तारा आडवा येणारच. मग रात्रीचं सगळं आकाश सूर्याइतकं लखलखीत हवं. ते तसं नाही, कारण विश्वाला वय आहे, सुमारे १३.८ अब्ज वर्षं. फार लांबचा उजेड अजून निघालेलाच आहे, पोचलेला नाही. भाच्यानं हे हातवारे करून समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे काळा हा रंग नव्हेच, उशीर आहे. मग दोन हात मारा, पुरे. तिसरा कशाला?"

दोनच हात मारले.

आता तारे. जाणकारांची पद्धत अशी: पांढऱ्या रंगात पाणी घालून तो सायीच्या दुधाइतका पातळ करायचा, टूथब्रशचं टोक बुडवायचं, जास्तीचा रंग कागदावर झटकायचा आणि बोर्डावर धरून अंगठ्यानं केस मागे ओढून सोडायचे. शिंतोडे उडतात, कुठे धुळीएवढे, कुठे मोहरीएवढे, आणि तुम्ही काही न ठरवता आकाश तयार होतं. न ठरवता होतं हीच त्यातली खुबी. पण आमच्या घरात न ठरवता काही होऊ द्यायची पद्धत नाही. बायको म्हणाली, "हा कोपरा रिकामा राहिलाय," आणि बारीक ब्रश घेऊन बसली. तिचा हात रांगोळीचा. दोन ठिपक्यांत अंतर सुटायचं ते मोजून सुटल्याप्रमाणे सारखं. खऱ्या आकाशात तारे असे कधीच नसतात. तिथे कुठे गर्दी, कुठे ओसाड, कुठे तीन एका रांगेत आणि मग मैलभर कोणी नाही. विस्कळीतपणा हातानं काढणं महाकठीण असतं. माणसाला पसारा न ठरवताच घालता येतो. भाच्यानं हळूच तिच्या ठिपक्यांवर टूथब्रश फिरवून समतोल बिघडवला. तरी त्या कोपऱ्यात योग्य कोनातून पाहिलं की सात-सातचं कमळ दिसतं, आणि ज्याला एकदा दिसलं त्याला पुन्हा तिथे अंतराळ दिसत नाही.

आईची हरकत वेगळीच होती. "सगळे पांढरे? रोहिणी तांबूस असते. ज्येष्ठा तर चांगली लाल. व्याध निळसर. तुम्ही लोक वर बघता की नाही कधी?" तिचं लहानपण गावाकडे अंगणात बाजेवर झोपून गेलं. आमचं लहानपण ट्यूबलाइटखाली गेलं. ती म्हणत होती ते खरंच आहे. व्याधाचा पृष्ठभाग दहा हजार अंशांच्या आसपास तापलेला, म्हणून तो निळसर पांढरा; मृगातला काक्षी साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणून तांबडा. नळावर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार, अशी सवय लागलेल्या माणसानं ताऱ्यांकडे जपूनच जावं. आईच्या देखरेखीखाली काही ठिपके तांबूस आणि काही निळे झाले. त्यांच्या जागा मात्र तिला पटल्या नाहीत. "रोहिणी कुठे, व्याध कुठे! हे कुठलं आकाश?" भाचा म्हणाला, "आजी, हे दुसऱ्या आकाशगंगेतलं आहे." ती म्हणाली, "मग तिथली नावं पाठ करून ये."

एवढ्यात भाच्याचा एक मित्र आला. हा मित्र कोणत्याही गोष्टीतली वास्तवता तपासतो. त्यानं चष्मा वर केला आणि सांगितलं की अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर काढलेल्या फोटोंत आकाशात तारे दिसत नाहीत. उन्हात झगमगणारी जमीन नीट यावी म्हणून कॅमेऱ्याचा पडदा इतका थोडा वेळ उघडतात की मंद ताऱ्यांचा उजेड फिल्मवर उमटतच नाही. आपली यानं तर चांगली उजेडात लढताहेत. तेव्हा वास्तववादी बोर्डावर एकही तारा नको. म्हणजे सगळ्यात वास्तववादी बोर्ड दुसरा हात वाळल्या क्षणीच पूर्ण झाला होता. मित्राला चहा दिला आणि बसायला खुर्ची दिली, बोर्डापासून लांब.

तारे वाळवायला बोर्ड रात्रभर टेरेसवर ठेवायचा, तर शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू. सकाळी काळ्या बोर्डावर सिमेंटच्या धुळीचे हजारो नवे तारे उगवलेले असायचे. साध्या डोळ्यांनी सगळ्या आकाशात मिळून जेमतेम नऊ हजार तारे दिसू शकतात. आमचा बिल्डर एका रात्रीत त्याहून जास्त पुरवायचा. भाचा ते ओल्या फडक्यानं पुसायचा. मग एका सकाळी कबुतरानं ईशान्य कोपऱ्यात एक सर्पिल दीर्घिका काढून ठेवली. तिला मधला फुगवटा होता, एक लांब भुजा होती, आणि रंगही खोटा वाटत नव्हता. ती ठेवावी की पुसावी यावर मतभेद झाले.

कबुतरांचा आणि विश्वाचा संबंध मात्र जुना आहे. १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सतत एक बारीक खरखर ऐकू येत होती. कुठेही वळवा, तीच. आत पाहिलं तर कबुतरांची जोडी राहायला आलेली आणि सगळीकडे पांढरा थर. कबुतरांना हुसकावलं, थर खरवडून काढला, खरखर तशीच. ती विश्वाच्या जन्मकाळातल्या उष्णतेची उरलेली धग निघाली आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. विश्वाच्या उत्पत्तीचा पुरावा आणि कबुतराची शीट यांत फरक करायला नोबेलविजेत्यांनाही एवढा खटाटोप करावा लागला, तिथे आमच्या टेरेसवर मतभेद झाले तर नवल नाही. आईनं फडकं मारलं आणि वाद संपला.

पुढची पायरी तेजोमेघ. तेजोमेघ हा अंतराळ रंगवणाऱ्याचा मोह आहे. काळ्यावर ओल्या स्पंजनं आधी निळा टिपायचा, मग जांभळा, मध्ये किरमिजी, आणि कडा बोटानं विरवायच्या. दहा मिनिटांत असं काही उमटतं की स्वतःबद्दल फार मोठं मत होऊ लागतं. आम्ही सगळे ते करत बसलो. मी एक ढग केला, बायकोनं दोन केले, आणि वास्तववादी मित्रालाही खुर्ची पुढे ओढताना पाहिलं. संध्याकाळी समोरचे काका साखर मागायला आले. टेरेसच्या भिंतीला टेकवून ठेवलेला बोर्ड त्यांनी दुरून पाहिला आणि ते कळवळून म्हणाले, "अहो, केवढी ओल आलीये! बिल्डरला नोटीस द्या."

तेजोमेघांचे हे रंग मुळातच माणसांनी ठरवलेले आहेत. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीनं टिपलेला तो प्रसिद्ध फोटो, धुळीच्या तीन उंच खांबांचा, सगळ्यांनी पाहिलेला असतो. दुर्बीण त्यात रंगीत फोटो काढत नाही. वेगवेगळ्या गाळण्यांतून राखाडी चित्रं घेते. मग गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग वाटून दिले जातात. खरं तर हायड्रोजनचा तो उजेड डोळ्याला लालच दिसावा असा, पण लाल गंधकाला देऊन झालेला. बारशाला घरात दोन मुलांना एकच नाव नको म्हणून करतात, त्यातलाच हा प्रकार. आणि आपण डोळ्यांनी मृगातला, बाणाच्या खालचा तेजोमेघ पाहिला तर तो पांढुरका, धुरकट ठिपका असतो. तोच २४ प्रकाशवर्षं रुंद आहे. आमच्या बोर्डावरचा तेजोमेघ खेळाच्या प्रमाणात धरला तर शंभरएक मीटरचा भरतो. वास्तववादी मित्रानं हेही निदर्शनास आणून दिलं, पण तोवर त्याच्याही बोटांना जांभळा रंग लागलेला होता.

समोरच्या काकांना साखर मिळाली, पण ते गेले नाहीत. "एवढी मोठी मुलं खेळतात हे?" त्यांनी विचारलं. मी त्यांना एच. जी. वेल्स यांचा दाखला दिला. १८९८ मध्ये मंगळवासीयांना पृथ्वीवर उतरवणाऱ्या या लेखकानं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. विषय: घरातल्या फरशीवर खेळण्यातले शिपाई मांडून, स्प्रिंगच्या तोफांनी लढाया कशा खेळाव्यात. वेल्स तेव्हा पंचेचाळिशी उलटलेले गृहस्थ होते आणि फरशीवर पालथे पडून नेम धरत. काका म्हणाले, "त्यांचे गुडघे चांगले असतील." आई म्हणाली, "कशाला इंग्लंडला जाताय? आपल्या मोक्षपटात वैकुंठापर्यंत जाता येत होतं. फाशाला फासा, आणि दान वाईट पडलं की सापाच्या तोंडातून थेट खाली." याला उत्तर नव्हतं. वर स्वर्ग रंगवलेल्या पटावर खेळणाऱ्या लोकांचे आम्ही वंशज. अंतराळाचा बोर्ड काही आम्ही पहिल्यांदा करत नव्हतो.

मग सूर्य काढावा असा ठराव आला. भाच्यानं बोर्डाच्या कडेला एक सेंटीमीटरचा पिवळा ठिपका काढला आणि त्या मापात पृथ्वी कुठे येईल याचा हिशेब केला. ती येत होती एक मीटर सात सेंटीमीटरवर, म्हणजे बोर्ड संपून पुढे, तुळशीच्या कुंडीजवळ, आणि आकारानं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांच्या थोडा पलीकडे. त्याला जागा लागत होती सुमारे २८८ किलोमीटरवर. नकाशावर पट्टी ठेवली. पुण्यापासून सरळ रेषेत लातूर आलं. मित्रमंडळीतला एकजण लातूरचाच निघाला. तो म्हणाला, "घरी फोन करून सांगू का? बाबा गच्चीवर ठिपका काढून ठेवतील." पुण्यात एक सेंटीमीटरचा सूर्य, लातुरात त्याहून बारका दुसरा, आणि मधे बार्शी, टेंभुर्णी धरून कोणी नाही. पिवळा ठिपका पुसून टाकला. त्या जागी शनी काढला. शनीला कडं असल्यामुळे तो कुठल्याही मापात शोभतो.

लघुग्रहांची जबाबदारी दुसऱ्या एका मित्रानं घेतली. खेळात ते यानांच्या वाटेत आडवे ठेवायचे असतात. ओलांडून गेलं तर फासा टाकून नुकसान मोजायचं. सिनेमांमुळे आपली समजूत अशी की लघुग्रहांचा पट्टा म्हणजे मंडईतली संध्याकाळ. प्रत्यक्षात दोन लघुग्रहांत सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं आणि सगळे एकत्र गोळा केले तरी आपल्या चंद्राच्या शंभरातले तीन-चार भाग भरत नाहीत. १९७२ मध्ये पायोनियर १० हे यान त्या पट्ट्यात शिरलं आणि कोणालाही न धडकता पलीकडे निघून गेलं. एक्स-विंगमध्ये ते पहिल्या फेरीतच आपटलं असतं.

मित्राकडे गणपतीच्या मखरातून वाचलेला थर्माकोल होता. २०१८ च्या बंदीनंतर तो माळ्यावर पडून होता आणि कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्यानं त्याचे गोळे कापले आणि त्यावर थेट राखाडी स्प्रे मारला. स्प्रेमधला द्रावक थर्माकोल खातो. गोळे फसफसत आत गेले, जागोजाग खड्डे पडले, कडा वितळून दातेरी झाल्या. मित्र हबकून बघत राहिला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रश घेऊन आठवडाभर बसून जी खडबडीत विवरं काढता आली नसती, ती एका फवाऱ्यात मिळाली होती. लोणारला लघुग्रह काळ्या बसाल्टवर आदळून १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं. आमच्याकडे मखराचा तुकडा नुसता वासानं विवरमय झाला. वास मात्र दोन दिवस घरात होता आणि तेवढे दिवस कबुतरं फिरकली नाहीत.

वॉर्निश आणायला पुन्हा त्याच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काम कुठवर आलं याची चौकशी केली. मी त्याला म्हटलं, तुम्ही ऑफ-व्हाइट सुचवलं होतं ते अगदीच काही वावगं नव्हतं. २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि आयव्हन बाल्ड्री या दोन खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांचा उजेड एकत्र केला आणि साऱ्या विश्वाचा सरासरी रंग काढला. जानेवारीत त्यांनी तो फिकट हिरवट-निळा असल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत आलं, कौतुक झालं. मार्चमध्ये कळलं की संगणकाच्या प्रोग्राममध्ये गफलत होती. खरा रंग निघाला मळकट पांढरा, किंचित पिवळसर. त्याला 'कॉस्मिक लाटे' असं कॉफीचं नाव दिलं गेलं. तेजोमेघांचे सगळे जांभळे-किरमिजी नखरे, तांबडे काक्षी, निळे व्याध, कोट्यवधी वर्षांचा हा सगळा खटाटोप एकत्र ढवळला की जे मिळतं ते पुण्यातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये आधीपासून आहे.

दुकानदार जराही चकित झाला नाही. त्यानं शेड कार्ड उघडून समोर ठेवलं आणि विचारलं, "यातला कुठला? आयव्हरी का मॅग्नोलिया?"

रविवारी पहिला डाव मांडला. बोर्डाभोवती पाच-सहा डोकी, बोर्डावर यानं, चकत्या, पत्ते, फासे, लघुग्रह, दोन मोबाइल, पाण्याची बाटली आणि आईनं दिलेली चिवड्याची वाटी. इतक्या मेहनतीनं रंगवलेलं अंतराळ दिसायला कुठे जागाच उरली नाही. जिथे थोडं दिसत होतं तिथे कमळ होतं. वास्तववादी मित्रानं यान सरकवायच्या मापाच्या पट्ट्या काळ्या ॲक्रिलिकमधून लेझरनं कापून आणल्या होत्या, फार देखण्या. काळ्या मॅट बोर्डावर ठेवली की पट्टी नाहीशी व्हायची. दर फेरीला सगळे तळवे फिरवून अंतराळ चाचपायचे. शेवटी मोबाइलची टॉर्च लावून एक मुलगा कायमचा त्याच कामावर नेमला. साम्राज्याची दोन यानं शनीपाशी एकमेकांवर चढली, बंडखोरांचं एक चिवड्याच्या वाटीला अडलं. वाटी अडथळा धरायची का, यावर नियमांचं पुस्तक उघडलं गेलं, आणि मी तिथून उठलो.

संध्याकाळी समजलं की मुलांना दुसरा बोर्ड हवाय. हा जमिनीवरच्या लढाईचा, मंगळाच्या पृष्ठभागाचा. रंगाचा प्रश्न आईनं जागेवर सोडवला. मंगळ लाल आहे तो तिथल्या धुळीत लोहाची ऑक्साइडं आहेत म्हणून, आणि गेरू म्हणजेही तेच. कुंड्यांना लावून उरलेला अर्धा डबा गेरू तुळशीमागे होताच. वाळू बिल्डरकडून येऊन पडलेलीच होती. एक रुपयाचा खर्च नव्हता. आई डबा घेऊन आली, भाच्याच्या हातात द्यायला गेली आणि थबकली.

"अरे, याच्या पत्रिकेत आधीच मंगळ आहे. आता आणखी तीन बाय तीनचा कशाला?"

बहिणीला फोन लावला. ती पलीकडून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पत्रिकेत चौथ्या घरात आहे. टेरेसवर चालतो का, ते गुरुजींना विचारून सांगते. तोवर प्रायमर मारून ठेवा."